लिंबाचे पाणी आणि घरचे आरोग्य

लिंबू ठाऊक नाही असे घर आपल्याकडे सापडायचे नाही. सणावाराच्या पानात मिठाशेजारी लिंबाची फोड असते. पोह्यांवर लिंबू पिळतात. उन्हातून पाहुणा आला की घरची बाई तांब्याभर सरबत करून पुढे ठेवते. लोणचे घालायला लिंबू लागते. पितळेची समई घासायला लिंबू लागते. दाराला मिरच्यांबरोबर टांगायलाही लिंबूच लागते.

अशा या रोजच्या ओळखीच्या फळाबद्दल आणखी काय सांगायचे, असे तुम्हाला वाटेल. पण सांगण्याजोगे पुष्कळ आहे. काही लोक म्हणतात, "लिंबाचं पाणी म्हणजे सगळ्या रोगांवर औषध." काही म्हणतात, "छे, नुसतं आंबट पाणी ते. त्यात काय ठेवलंय?" ही दोन्ही बोलणी खरी नाहीत. लिंबाचे काही गुण पक्के आहेत. काही गुण लोकांनी उगीच त्याला चिकटवले आहेत. खरे गुण कोणते, खोटे कोणते, आणि घरात रोज लिंबू कसे वापरावे, हे आपण या पाठात पाहू.

लिंबात काय आहे?

एक कागदी लिंबू घ्या. कागदी म्हणजे पातळ सालीचे, आपल्या बाजारात नेहमी मिळते ते. ते पिळले तर चहाचे तीन-चार चमचे रस निघतो. या रसात बहुतेक पाणीच असते. पण त्या पाण्यात दोन गोष्टी विरघळलेल्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे आम्ल. त्याला सायट्रिक आम्ल म्हणतात. लिंबू आंबट लागते ते यामुळे.

दुसरी गोष्ट म्हणजे क जीवनसत्त्व. ते डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही. पण त्यावाचून शरीराचे चालत नाही. हिरड्या घट्ट राहतात, जखम भरून येते, ते क जीवनसत्त्वामुळे. भिंतीत विटांच्या मध्ये चुना-माती असते ना? ती निघून गेली तर विटा ढिल्या होतात. क जीवनसत्त्व कमी पडले की शरीराचेही तसेच होते.

हे जीवनसत्त्व माणसाचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही. फार दिवस साठवूनही ठेवू शकत नाही. म्हणून ते अन्नातून वरचेवर मिळावे लागते.

खलाशांची गोष्ट

हे माणसाला कसे कळले, त्याची एक खरी गोष्ट आहे.

पूर्वी शिडाची जहाजे महिनेच्या महिने समुद्रावर असत. खलाशांना वाळकी बिस्किटे आणि खारवलेले मांस खावे लागे. ताजी भाजी नाही, फळ नाही. काही आठवड्यांनी खलाशी आजारी पडत. हिरड्या सुजत, त्यांतून रक्त येई, दात हलू लागत. जुन्या जखमा पुन्हा उघडत. शेवटी माणूस मरे. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला, हे तुम्ही ऐकले असेल. परत जाताना अरबी समुद्र ओलांडायला त्याला जवळजवळ तीन महिने लागले. तेवढ्यात त्याचे सुमारे तीस खलाशी याच रोगाने मेले.

पुढे १७४७ साली इंग्रजांच्या एका लढाऊ जहाजावर जेम्स लिंड नावाचा डॉक्टर होता. त्याने १२ रोगी निवडले. सगळ्यांना जेवण एकच दिले. मग दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळे औषध दिले. एका जोडीला शिरका दिला. एकीला समुद्राचे पाणी दिले. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू दिले. सहा दिवसांत जहाजावरची फळे संपली. पण तेवढ्यात लिंबू-संत्री खाणारा एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला. दुसराही इतका सुधारला की तो बाकीच्या रोग्यांची सेवा करू लागला. इतर जोड्यांत असा गुण कोणाला आला नाही.

एवढे डोळ्यांसमोर घडले तरी लोकांना ते पटायला वेळ लागला. इंग्रजांच्या आरमारात खलाशांना लिंबाचा रस देण्याचा हुकूम निघाला तो १७९५ साली. मधे ४८ वर्षे गेली!

लिंबातली कोणती गोष्ट रोग बरा करते, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. हंगेरी देशाच्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाने १९२८ साली तो पदार्थ वेगळा काढला. तेच क जीवनसत्त्व. या कामासाठी त्याला १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी की पुढे त्याने हे जीवनसत्त्व भरपूर मिळवले ते लिंबातून नव्हे, मिरचीच्या एका जातीतून. म्हणजे क जीवनसत्त्व काही एकट्या लिंबाचे नाही. आवळा आणि पेरू यांत तर ते लिंबाहून कितीतरी पट जास्त असते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

अंगातले रक्त आणि लिंबू

"आम्ही काही जहाजावर राहत नाही. आम्हाला स्कर्व्हीची भीती कशाला?" असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. आपल्याकडे तो रोग सहसा दिसत नाही. पण दुसरा एक रोग घरोघर आहे. तो म्हणजे अंगात रक्त कमी असणे. याला रक्तक्षय म्हणतात.

२०१९ ते २०२१ या काळात देशभर घरोघर जाऊन आरोग्याची पाहणी झाली. महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षांच्या १०० बायकांमागे सुमारे ५४ जणींना रक्तक्षय होता. पाच वर्षांच्या आतल्या लहान मुलांत तर १०० मागे सुमारे ६९ मुलांना होता. म्हणजे दोन बायका पाणी भरायला निघाल्या तर त्यांतल्या एकीला हा रोग असायचा!

रक्तक्षय झालेली बाई लवकर थकते. चढ चढताना तिला धाप लागते. डोळ्यांपुढे अंधारी येते. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतून फिकट दिसते. लोक म्हणतात, "हिला कामाचा कंटाळा." पण तो कंटाळा नसतो, रोग असतो. अशा बाईला बाळंतपणात जास्त रक्त गेले तर जिवावर बेतते. मुलाला रक्तक्षय झाला तर त्याचे खेळात आणि अभ्यासात लक्ष लागत नाही.

रक्ताला लाल रंग देणारा जो भाग आहे, त्यात लोह असते. लोह म्हणजे लोखंडच, पण अगदी सूक्ष्म रूपातले. ते अन्नातून मिळावे लागते. बाजरी, मटकी, हरभरा, तीळ, अळीव आणि हिरव्या पालेभाज्या यांत लोह असते. म्हणजे आपल्या भाकरी-उसळीत लोह आहे.

मग रक्त कमी का पडते? कारणे बरीच आहेत. खाणे अपुरे असते. पोटात जंत असतात. पाळीत रक्त जास्त जाते. बाळंतपणे लागोपाठ होतात. आणि आणखी एक कारण आहे. धान्य-भाजीतले लोह पोटात गेले तरी त्यातला थोडाच भाग अंगी लागतो. बाकीचे इतर पदार्थांना घट्ट धरून बसते आणि तसेच बाहेर पडते.

इथे लिंबू कामाला येते. गंजलेल्या विळीवर लिंबू चोळून पाहा. गंज सुटून येतो. आपल्या पोटातही काहीसे असेच घडते. लिंबाचे आम्ल आणि क जीवनसत्त्व ही दोन्ही मिळून अन्नातले लोह मोकळे करतात. असे मोकळे झालेले लोह आतड्यातून रक्तात जाते. भाकरी तीच, मटकीची उसळही तीच. पण वर लिंबू पिळले तर तिच्यातले लोह अंगी जास्त लागते.

पण हे केव्हा घडेल? लिंबू आणि अन्न पोटात एकत्र असतील तेव्हा. पहाटे उठून लिंबाचे पाणी प्यायले आणि दुपारी भाकरी खाल्ली, तर त्या पाण्याचा भाकरीतल्या लोहाला उपयोग नाही. म्हणून आमचे सांगणे असे की लिंबाचे पाणी जेवणाबरोबर घ्या. किंवा पाणी राहू द्या, लिंबाची फोड वरणावर, उसळीवर, पालेभाजीवर पिळा. मात्र भांडे चुलीवरून उतरल्यावर पिळा. उकळत्या भाजीत पिळले तर क जीवनसत्त्व कमी होते.

चहा की लिंबू?

आता एक गैरसोयीची गोष्ट सांगतो. चहा लिंबाच्या उलट काम करतो. चहातला तुरट भाग लोहाला धरून ठेवतो आणि ते अंगी लागू देत नाही. पुष्कळ घरांत सकाळी चहा-भाकरी खातात. दुपारी जेवण झाले की लगेच कपभर चहा घेतात. म्हणजे चांगली उसळ खायची आणि वरून तिचे लोह बांधून टाकायचे!

चहा सोडा, असे आम्ही म्हणत नाही. कोणी सोडणारही नाही. चहा घ्या, पण जेवणाच्या आधी किंवा नंतर तासभर जाऊ द्या. जेवणाबरोबर लिंबू, आणि चहा त्याच्या वेळेला. एवढा बदल करायला एक पैसाही लागत नाही.

गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस त्या घ्यायच्या असतात. ती गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी. चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नये. कॅल्शियमची गोळी असेल तर ती दुसऱ्या वेळी घ्यावी. गोळीने शौचाला काळे होते. त्याला भिऊन गोळी बंद करू नये. आणि नुसते लिंबाचे पाणी पिऊन रक्तक्षय बरा होत नाही, हेही नीट समजून घ्या. लिंबू हा मदतनीस आहे. लोह अन्नातून किंवा गोळीतूनच यायचे.

सगळ्यांत शेवटी कोण जेवते?

लिंबाची फोड पानात वाढायची चाल आपल्या पूर्वजांनी घातली. चाल चांगली आहे. पण ती फोड कोणाच्या पानात पडते, हेही पाहू या.

घरात आधी बाप्ये जेवतात. मग मुले जेवतात. मग म्हाताऱ्यांचे होते. सगळ्यांचे आटोपले की घरची सून पातेल्यात उरलेले घेऊन बसते. तोवर उसळीचा रस्सा उरलेला असतो, दाणे संपलेले असतात. भाजी असली तर चमचाभर. लिंबाच्या फोडी तर केव्हाच संपलेल्या. आणि रक्ताची गरज सगळ्यांत जास्त कोणाला? त्याच सुनेला. तिला पाळी येते. तिच्या पोटात बाळ वाढते. तीच अंगावर पाजते.

तेव्हा लिंबू चिरताना एक फोड आणि वाटीभर उसळ तिच्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवावी. सासूबाईंनी हे मनावर घेतले तर घरात कोणी नाही म्हणणार नाही. सगळे एकत्र जेवायला बसले तर त्याहून चांगले.

आधी पाणी चांगले, मग लिंबू

लिंबाच्या पाण्यात लिंबू थोडे आणि पाणी फार. म्हणून पाणीच खराब असेल तर लिंबू काय करणार? काही जण समजतात की लिंबू पिळले म्हणजे पाणी शुद्ध होते. या भरवशावर राहू नका. पाण्यातले रोगजंतू मारण्यासाठी लिंबू पुरे पडत नाही.

पाणी दुहेरी स्वच्छ कपड्याने गाळा. मग उकळा. चांगली खळखळून उकळी आली की निदान एक मिनिट ती तशीच राहू द्या. मग झाकून निवू द्या. रोज उकळणे जमत नसेल तर आरोग्य केंद्रातून जंतुनाशक औषध मिळते, ते सांगितलेल्या मापाने घाला. पाणी काढायला दांडीचे ओगराळे ठेवा. माठात हात बुडवू नका.

भांड्याकडेही लक्ष द्या. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे जुन्या बायकांना ठाऊक आहे. तांब्याच्या भांड्याचेही तसेच. त्यात साधे पाणी ठेवा, लिंबाचे पाणी ठेवू नका. लिंबाच्या पाण्याला काच, चिनी माती किंवा स्टीलचे भांडे चांगले. सरबत हवे तेव्हा करावे आणि ताजे प्यावे. सकाळी करून संध्याकाळपर्यंत ठेवू नये.

उन्हाळ्यात

चैत्र-वैशाखात रानात काम करताना घामाच्या धारा लागतात. घामातून पाणी जाते आणि मीठही जाते. घाम चाटून पाहिला तर खारट लागतो तो त्यामुळे. म्हणून उन्हाळ्यात लिंबाच्या पाण्यात चिमूटभर मीठ आणि थोडी साखर किंवा गूळ घालावा. तहान लागायची वाट पाहू नये. कामाला जाताना पाणी बरोबर न्यावे आणि थोडे थोडे पीत राहावे. ताकही तसेच चांगले.

पण एखाद्याला ऊन फार लागले, अंग तापले, तो असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात आहे. तिथे लिंबाच्या पाण्याने भागायचे नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका. ते श्वासनलिकेत जाईल. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी शिंपडा, वारा घाला. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा आणि दवाखान्यात न्या. यात उशीर झाला तर माणूस दगावतो.

मुलाला जुलाब झाले तर

जुलाबात मूल मरते ते अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. पाणी आणि क्षार परत भरले तर मूल वाचते. त्यासाठी मीठ, साखर आणि पाणी हवे, तेही मापात. आतड्यात साखर असली की मीठ आत शिरते, आणि त्यांच्यामागून पाणीही आत जाते.

१९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून रोग्यांना ते तोंडाने पाजायला सुरुवात केली. आधी शंभरातले सुमारे तीस रोगी मरत होते. मग ते प्रमाण चाराच्या खाली आले.

आज याच औषधाची पुडी ओ.आर.एस. या नावाने मिळते. ती आशाताईंकडे असते, आरोग्य केंद्रातही असते. पुडीवर लिहिले असेल तेवढ्या पाण्यात ती सगळी विरघळवा. तिच्यात लिंबू, साखर, दुसरे काही घालू नका. पुडी हाताशी नसेल तर घरी असे पाणी करा: उकळून निवलेले पाणी एक लिटर, साखर चहाचे सहा चमचे, मीठ अर्धा चमचा. चमचे सपाट भरा, शीग नको. करून झाल्यावर चव पाहा. ते अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. या घरच्या पाण्यात चवीसाठी लिंबाचे चार थेंब टाकले तर चालतात. नाही टाकले तरी अडत नाही. खरे काम मीठ-साखर करते.

मूल वांती करत असेल तर दहा मिनिटे थांबा आणि मग चमच्या-चमच्याने पाजा. उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी फेकून द्या आणि नवे करा. अंगावरचे दूध बंद करू नका. आरोग्य केंद्रातून झिंकच्या गोळ्या मिळतात. जुलाब थांबले तरी त्या १४ दिवस पुऱ्या द्या. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, शौचातून रक्त पडले किंवा पाणीच पीत नसेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

लोक विचारतात

एक आजी विचारतात, "तान्ह्या बाळाला मध-लिंबाचं पाणी चाटवावं का?"

नाही, आजी. सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्या. वरचे पाणीसुद्धा नको. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नका. मधात कधी कधी असे जंतू असतात की मोठ्याला त्यांचे काही होत नाही, पण बाळाच्या जिवाला धोका होतो.

एक मामा विचारतात, "गरम पाण्यात लिंबू घेतलं की चरबी वितळते म्हणतात. खरं का?"

नाही, मामा. चरबी काही लिंबाने वितळत नाही. साखरेच्या चहाऐवजी बिनसाखरेचे लिंबू-पाणी घेतले तर तेवढी साखर पोटात कमी जाते. फायदा तेवढाच.

"माझा सासरा मधुमेही आहे. त्यांना चालेल का?"

चालेल, पण साखर, गूळ, मध घालू नका. रक्तदाब असलेल्याने मीठ घालू नये. लिंबाने ज्याच्या पोटात जळजळ होते त्याने ते घेऊ नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

"मुतखड्याला लिंबू चांगलं का?"

भरपूर पाणी पिणे चांगले. काही जातींचे खडे पुन्हा होऊ नयेत म्हणून लिंबाच्या आम्लाची मदत होते. पण खडा कोणत्या जातीचा आहे हे डॉक्टरच सांगतील. कळ येत असताना घरी लिंबू पीत बसू नये.

"मुलं नुसतं लिंबू चोखतात, ते बरं का?"

बरे नाही. आंबट रसाने दातांवरचे कठीण आवरण झिजते. लिंबू पाण्यात किंवा अन्नात घ्यावे आणि मागाहून साध्या पाण्याने चूळ भरावी. त्यानंतर अर्धा तास दात घासू नयेत.

लिंबू महाग झाले तर

उन्हाळ्यात लिंबाला फार मागणी येते आणि भाव चढतो. रोज दोन-चार लिंबे विकत घेणे सगळ्यांना परवडणार नाही. म्हणून काय अडले? मघाशी सांगितले ते आठवा. क जीवनसत्त्व एकट्या लिंबात नाही. लिंबू महाग असते तेव्हा कैरी असते. जेवताना कच्च्या कैरीच्या फोडी घ्या. हिवाळ्यात आवळा आणि पेरू येतात. एका पेरूत मोठ्या माणसाची दिवसाची गरज भागेल एवढे क जीवनसत्त्व असते. शेवग्याचा पाला आणि हिरवी कोथिंबीर यांतही ते आहे. ऋतूप्रमाणे जे स्वस्त मिळेल ते पानात घ्या.

परसात जागा असेल तर लिंबाचे एक झाड लावा. बियांपासून केलेल्या रोपाला फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात. कलम त्याहून लवकर फळते. लिंबाला पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी. बुंध्याशी पाणी साचू देऊ नका, मुळे कुजतात. झाड एकदा लागले की घरापुरती लिंबे विकत आणावी लागत नाहीत. शेजाऱ्यालाही देता येतात.

आणि दाराला टांगायच्या लिंबाचे काय? ते आठवड्यात वाळून जाते. कोणाच्याही पोटात जात नाही. तेच लिंबू मुलांच्या वरणभातावर पिळले तर त्यांच्या अंगी लागेल. यावर घरात बसून विचार करा.

ध्यानात ठेवा

१. लिंबू जेवणाबरोबर घ्या. त्याने अन्नातले लोह अंगी लागते.
२. जेवण आणि चहा यांत तासभर अंतर ठेवा.
३. आधी पाणी उकळा, मग त्यात लिंबू पिळा.
४. जुलाबात ओ.आर.एस. द्या. नुसत्या लिंबाच्या पाण्यावर राहू नका.
५. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका.
६. शेवटी जेवणाऱ्या बाईची उसळ आणि लिंबाची फोड आधी काढून ठेवा.

वर्गात बोलण्यासाठी प्रश्न

१. जेम्स लिंड याने १२ रोग्यांच्या सहा जोड्या का केल्या असतील?
२. पहाटे लिंबाचे पाणी घेणे आणि जेवताना घेणे, यांत फरक काय?
३. घरी मीठ-साखरेचे पाणी कसे कराल? माप तोंडपाठ सांगा.
४. तुमच्या घरी काल सगळ्यांत शेवटी कोण जेवले? त्यांच्या पानात काय काय होते?